रॉकचा कुठला काळ तुमच्या कानाचा? नवशिक्यांसाठी गिटार अ‍ॅम्पचा टोन शोधण्याची वाट

इलेक्ट्रिक गिटार घरी येते, सोबत १० किंवा १५ वॅटचा छोटा अ‍ॅम्प येतो, आणि बहुतेक जण पहिल्याच दिवशी गेनचा नॉब शेवटपर्यंत फिरवून बघतात. आवाज भरपूर फाटतो, पण ज्या बँडपायी गिटार घेतली त्याच्यासारखं काही वाजत नाही. मग पेडल (पायाने दाबायचं, आवाज बदलणारं खोकं) घ्यावं का, ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या ट्यूबवर चालणारा) घ्यावा का, पिकअप (तारांची कंपनं पकडणारे गिटारवरचे भाग) बदलावेत का, असे प्रश्न सुरू होतात. यातल्या कशावरही पैसे घालण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुम्हाला नेमका कुठल्या काळातला आवाज आवडतो? कारण ‘रॉक टोन’ नावाचा एकच एक आवाज नाही. १९५८, १९६८, १९८६ आणि १९९२ या सालांतल्या गिटार एकमेकींपासून इतक्या वेगळ्या वाजतात की एकीसाठी लावलेली सेटिंग दुसरीला अजिबात चालत नाही.

हे सगळे फरक मुख्यतः दोन गोष्टींतून येतात. गिटारपासून स्पीकरपर्यंतच्या साखळीत आवाज कुठे फाटतो, ही पहिली. मधल्या भागातला आवाज, म्हणजे मिड, किती शिल्लक ठेवला आहे, ही दुसरी. एवढं ओळखता आलं की साध्या अ‍ॅम्पवरही आवडत्या आवाजाच्या बरंच जवळ जाता येतं.

पायरी १: आधी कान, मग नॉब

गिटारचा आवाज ऐकूनच अंगावर काटा येतो अशी पाच-सहा गाणी निवडा. वादक किती वेगाने वाजवतो ते सध्या बाजूला ठेवा. हेडफोन लावून फक्त गिटारचा पाठलाग करा आणि प्रत्येक गाण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. कॉर्ड वाजली की तिच्यातले स्वर सुटे सुटे ऐकू येतात, की सगळ्यांचा एक गोळा होतो? वादकाने हात हलका केला की आवाज स्वच्छ होतो, की तेवढाच फाटलेला राहतो? आणि गिटार कानाशी वाजते, की मोठ्या खोलीत घुमल्यासारखी?

आता एका कानातला इअरफोन काढून तेच गाणं पुन्हा ऐका. जड रॉक आणि मेटलच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये तीच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) दोनदा, कधी चारदा वाजवून डावी-उजवीकडे मांडलेली असते. एकच बाजू ऐकली की लक्षात येतं, एकेका गिटारचा आवाज आपण समजत होतो त्यापेक्षा बराच कमी फाटलेला आहे. जाडी येते ती थरांमुळे. ती जाडी एकट्या अ‍ॅम्पमधून काढायला जावं तर गेन वाढत जातो आणि आवाज गढूळ होत जातो. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून हे पहिल्याच पायरीत सांगतोय.

पायरी २: आवाज फाटतो कुठे?

गिटारचा अगदी बारीक सिग्नल आधी प्रीअ‍ॅम्पमध्ये जातो. तिथे तो मोठा होतो, त्याला बास, मिड, ट्रेबलचा आकार मिळतो. पुढे पॉवर अ‍ॅम्प त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. शेवटी स्पीकर. यातल्या कुठल्याही टप्प्याला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की आवाज फाटतो, आणि प्रत्येक ठिकाणचं फाटणं वेगळं असतं. पॉवर अ‍ॅम्पमधलं फाटणं जाड आणि हाताला लगेच प्रतिसाद देणारं असतं. प्रीअ‍ॅम्पमधलं घट्ट, बारीक कणांचं, लांबत जाणारं. पेडलमधलं बऱ्याचदा त्याहून करकरीत. स्पीकरचा कागद स्वतःच फाटलेला असेल तर आणखी वेगळं: १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने एका छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरला ब्लेडने चिरा पाडल्या होत्या, आणि तोच आवाज रेकॉर्डवर गेला.

गेन आणि मास्टर असे दोन वेगळे नॉब असतील, तर गेन ठरवतो प्रीअ‍ॅम्प किती फाटायचा आणि मास्टर ठरवतो खोलीत किती मोठं वाजायचं. जुन्या अ‍ॅम्पना मास्टर नव्हताच. त्यांचा आवाज फाटायला हवा असेल तर ते जोरातच वाजवावे लागत. साठच्या दशकातला टोन घरात का निघत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

पायरी ३: एकेका काळात कान घालून बघा

पुढची सेटिंग १० पैकी आहेत. ती फक्त सुरुवातीसाठी. तुमची गिटार आणि स्पीकर यांच्याप्रमाणे इकडे-तिकडे होणारच.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाचा अमेरिकन आवाज म्हणजे फेंडर कंपनीचे अ‍ॅम्प. १९५८ च्या सुमाराचा ट्वीड बासमन सुमारे ४० वॅटचा होता, १० इंची चार स्पीकर, मागून उघडं खोकं. बनवला बास गिटारसाठी, पण डोक्यावर घेतला साध्या गिटारवाल्यांनी. १९६३ पासूनचे काळ्या पॅनेलचे फेंडर, म्हणजे डीलक्स रिव्हर्ब आणि ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब, आणखी स्वच्छ आणि खणखणीत. त्यांच्यात मिड मुळातच दबलेला असतो, म्हणून वर किणकिण आणि खाली ऊब असं काहीसं ऐकू येतं. हा आवाज आवडत असेल तर क्लीन चॅनल लावा, बास ४, मिड ५, ट्रेबल ६, थोडा रिव्हर्ब (खोलीत घुमल्याचा परिणाम). सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर काम निम्मं झालं.

त्याच काळात इंग्लंडमध्ये व्हॉक्सचा एसी-३० आला. चार ईएल-८४ ट्यूब, १२ इंची दोन स्पीकर. याचा वरचा भाग चमकदार, पण टोचणारा नाही, आणि जरा जोर दिला की तो फाटण्याच्या उंबरठ्यावर छान गुणगुणतो. बीटल्स याच घराण्याचे. पुढे क्वीनच्या ब्रायन मेने ट्रेबल बूस्टर (वरचा आवाज वाढवणारं पेडल) लावून, पिकच्या जागी सहा पेनीचं नाणं वापरून याच अ‍ॅम्पमधून गाणारा लीड (सोलो) काढला. यू-टूच्या एजने त्यावर डिलेचे (प्रतिध्वनीचे) थर चढवले. एकाच अ‍ॅम्पमधून इतके वेगळे आवाज निघाले, यावरून वादकाच्या हाताचा वाटा किती मोठा असतो ते कळतं. घरी करून बघायचं तर बास ३, मिड ६, ट्रेबल ७, आणि गेन इतकाच की हलक्या हाताने स्वच्छ, जोराने किंचित खरखर.

माझं मन रमतं ते यापुढच्या टप्प्यावर. लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. गिटारवाली पोरं तिथे येत आणि फेंडरसारखा अ‍ॅम्प इथेच, परवडेल अशा किमतीत मिळायला हवा म्हणत. १९६२-६३ मध्ये त्यांच्या माणसांनी बासमनचं सर्किट जवळपास जसंच्या तसं उचलून जेटीएम-४५ बनवला. पण भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते वापरले. उघड्या खोक्यातले १० इंची स्पीकर गेले, बंद खोक्यात सेलेस्टियनचे १२ इंची चार आले. सर्किट तेच, तरी आवाज बदलला: मिड पुढे आला, फाटणं लवकर सुरू झालं, खर्ज छातीवर आदळायला लागला. स्पीकर, खोकं आणि भाग बदलले की टोन किती बदलतो याचा यापेक्षा चांगला दाखला नाही. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलसोबतच्या अल्बमवर लेस पॉल गिटार मार्शलच्या कॉम्बोत (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) घालून जोरात वाजवली, आणि जाड, लांबणारा लीड कसा असतो हे सगळ्यांनी ऐकलं. मग द हूच्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता; त्यातून १०० वॅटचे मार्शल आले, आणि ते हेंड्रिक्सच्या हाती पडले. (त्यातल्या सुपर लीडचा मॉडेल क्रमांकच १९५९ आहे, त्यामुळे नवखे लोक ते साल समजतात. अ‍ॅम्प १९६५ च्या सुमाराचा.)

सत्तरच्या दशकातल्या एसी/डीसीसारख्या बँडचा रिदम (कॉर्डची साथ) ऐका. वाटतो केवढा जड, पण कॉर्डमधला प्रत्येक स्वर मोजता येतो. गेन ४, फार तर ५. बास ४, मिड ७, ट्रेबल ६, प्रेझेन्स (अगदी वरच्या धारेचा नॉब) असेल तर ५. तारांवर हात मोकळेपणाने मारा. गेन कमी असल्यामुळे पोकळ वाटेल, पण आठवडाभर तसंच वाजवा. हाताची ताकद आणि नेमकेपणा या सेटिंगमध्ये तयार होतो, कारण इथे चूक लपत नाही. नवशिक्यांनी घराची सेटिंग म्हणून हीच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे, मग पुढे आवड कुठलीही असो.

ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी याच काळातला, पण त्याची वाट वेगळी. बर्मिंगहॅममधल्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली होती आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. १९७१ पर्यंत त्याने तारा दीड स्वर खाली उतरवल्या. त्या सैल झाल्या, बोटांना सुसह्य झाल्या आणि आवाज आणखी जड झाला. अ‍ॅम्प लेनी कंपनीचा, पुढे ट्रेबल बूस्टर. लक्षात घ्या, जड आवाजासाठी त्याने ट्रेबल वाढवला, बास नव्हे. खाली उतरवलेल्या तारांवर बासही वाढवला तर नुसती घरघर उरते.

ऐंशीच्या दशकाची तयारी आधीच झाली होती. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने छोट्या फेंडरमध्ये गेनचे टप्पे एकामागे एक जोडून मेसा बूगी उभा केला, आणि मार्शलने १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूमवाला २२०३ काढला, जो १९८१ पासून जेसीएम-८०० म्हणून गाजला. आता पॉवर अ‍ॅम्पवर जोर न देता प्रीअ‍ॅम्पमध्येच हवा तेवढा आवाज फाडता येऊ लागला. मेटॅलिकाने १९८६ च्या अल्बमसाठी मेसाचा मार्क टू-सी प्लस वापरला. त्यावर पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर असतो. ७५० हर्ट्झची पट्टी खाली, कडेच्या पट्ट्या वर, असा व्ही आकार करतात. घरी गेन ६-७, बास ५, मिड ३, ट्रेबल ६ पासून सुरू करा. पाम म्यूट करून (तळहाताची कड तारांवर टेकवून) खालची तार वाजवा: प्रत्येक ठोका संपून शांतता ऐकू आली पाहिजे. ठोक्यामागे शेपूट राहत असेल तर आधी गेन कमी करा, मग बास. तरी ढिलं वाटलं तर अ‍ॅम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमरसारखं ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर. ते पेडल खालचा बास कापतं आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा मिड उचलतं, म्हणून रिफ आवळली जाते.

याच दशकात अगदी उलट्या टोकाला रोलंडचा जेसी-१२० होता. १९७५ चा, ट्यूब नसलेला, १२ इंची दोन स्पीकर आणि आत कोरस. काही केल्या न फाटणारा क्लीन आवाज आणि पाण्यावर तरंग उठावेत तसा कोरस. पोस्ट-पंक आवडणाऱ्यांनी ट्यूबच्या नादी लागूच नये. त्यांचा आवाज ट्रान्झिस्टरमध्येच आहे.

नव्वदमध्ये ग्रंजवाल्यांनी फाटण्याचं काम बऱ्याच अंशी पेडलकडे दिलं. निर्वाना बँडचा कर्ट कोबेन बॉस कंपनीची स्वस्तातली नारिंगी डीएस-१ वापरायचा. कडव्याला क्लीन, धृपदाला पेडल दाबायचं, एवढ्यावर सगळा परिणाम. हा टोन बजेटमध्ये सगळ्यात सहज निघतो. जड बाजूला १९९२ चा पीव्ही ५१५० आणि मेसाचा ड्युअल रेक्टिफायर आले. आजच्या मेटलचा बराच आवाज या दोघांचा वंशज आहे.

पायरी ४: नॉब ओळखून घ्या

सगळे नॉब ५ वर म्हणजे ‘काही न बदललेला आवाज’, हा समज काढून टाका. फेंडरच्या धाटणीच्या टोन सर्किटमध्ये सगळं मधोमध ठेवलं तरी मिडला खड्डा पडलेला असतो. त्यात सपाटीच्या सर्वांत जवळचा आवाज मिळतो तो मिड १०, बास आणि ट्रेबल शून्य ठेवल्यावर. शिवाय नॉब एकमेकांवर परिणाम करतात. ट्रेबल हलवला की मिडची वागणूकही बदलते.

म्हणून असं करा. मिड पूर्ण वर, बास आणि ट्रेबल खाली. आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, वाटू दे. आता बास हळूहळू वाढवत न्या आणि खालची तार भरीव वाटली की थांबा. मग वरच्या तारांना धार येईपर्यंत ट्रेबल. शेवटी मिड कमी करत जा आणि जिथे आवाज मागे सरकल्यासारखा वाटेल तिथून एक घर परत या. आकड्यांकडे न बघता, कानाने.

यानंतर गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब. तो १० वर ठेवून विसरून जाऊ नका. अ‍ॅम्प फाटण्याच्या उंबरठ्यावर लावा आणि गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणा: रिदम स्वच्छ होतो. पुन्हा १० वर नेला की लीड. साठ-सत्तरच्या दशकातले वादक चॅनल बदलायच्या ऐवजी हेच करत.

पायरी ५: फ्लॅटमध्ये राहूनही

हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि अगदी वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो. म्हणून घरी आपण ते दोन्ही वाढवतो, आणि तीच सेटिंग जॅम रूममध्ये मोठी केली की घुमते आणि टोचतेही. घरची आणि बाहेरची अशा दोन सेटिंग वेगळ्या ठेवा.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. ५० चे १०० वॅट झाले तर वाढ फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. याचाच अर्थ ५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पसुद्धा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला फार होतो. तो पूर्ण जोरात लावून रात्री नऊनंतर वाजवायचा विचार सोडा. भिंती सामायिक असतील तर मॉडेलिंग अ‍ॅम्प (वेगवेगळ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारा) किंवा कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर आणि हेडफोन हा चांगला, सन्मानाचा पर्याय आहे. फक्त एक पाहा: डिस्टॉर्शन पेडल थेट इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला) जोडलं की आवाज कर्कश येतो, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग जवळपास गाळून टाकतो आणि इथे ती गाळणीच नसते. सॉफ्टवेअरमधलं केबिनेट (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) किंवा आयआर (खऱ्या खोक्याच्या आवाजाचा डिजिटल ठसा) चालू केलं की तोच आवाज जागेवर येतो. सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅम्प तोच ठेवून फक्त केबिनेट बदलून बघा. तिसऱ्या पायरीतली मार्शलची गोष्ट तुमच्या कानांनी पडताळता येईल.

पायरी ६: जुना अ‍ॅम्प घेण्याआधी

परदेशातून कुणी आणलेला फेंडर किंवा मेसा स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. आधी मागची पाटी वाचा. तिथे १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावायचा नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो निवडताना अ‍ॅम्पचे आउटपुट वॅट बघू नका, पाटीवरचा वीजवापर बघा, कारण ट्यूब अ‍ॅम्प आउटपुटच्या कितीतरी पट वीज ओढतो. पाटीवर ५०/६० हर्ट्झ आहे का तेही पाहा. फक्त ६० साठीचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात, म्हणून खोकं उघडायचं काम जाणकाराचंच. व्हॅन हेलेनने १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या वेळी मार्शलला व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) कमी व्होल्टेज दिलं होतं हे खरं, पण तो प्रयोग घरी नको.

सतत घूं ऐकू येत असेल तर अ‍ॅम्पला दोष देण्याआधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. थ्री-पिनची अर्थची जाड पिन कापलेली वायर वापरू नका. अ‍ॅम्पशेजारचा मोबाइल चार्जर आणि दिव्याचा डिमर बंद करून बघा, सिंगल कॉइल पिकअपची घूं तेवढ्यानेही खाली येते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात जॅक आणि नॉब खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा काम भागतं.

पायरी ७: बँडसोबत उभं राहताना

घरी सुंदर वाटलेला, मिड काढलेला टोन ड्रम आणि बास गिटार सुरू होताच गायब होतो. गिटारची जागा मिडमध्येच असते. खाली बास गिटार आहे, वर झांजा आहेत. त्यामुळे घरच्यापेक्षा मिड २ घरं वर, बास २ घरं खाली, गेन १ घर खाली. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर तो स्टूलवर ठेवा किंवा मागे रेलवून तोंड वर करा. नाहीतर तुमचा ट्रेबल पोटऱ्यांना लागतो, तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही वाढवता, आणि समोर बसलेल्यांचे कान जातात.

पहिलं गाणं झालं की मोबाइल खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवून एक रिफ रेकॉर्ड करा. नॉबचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी, कान ताजे असताना, ते रेकॉर्डिंग आणि पहिल्या पायरीतलं गाणं एकापाठोपाठ ऐका, आणि पुढच्या वेळी एकच नॉब बदला.